कॅन्सर आहे, तरीही ‘लक्ष ठेवू’ का म्हणतात?

वाचकाचं पत्र

माझे यजमान ६३ वर्षांचे आहेत. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचे म्हणून तपासणी केली, तेव्हा पीएसए (प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची रक्ततपासणी) ६.१ निघाला. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५५ ग्रॅमचं. एमआरआय न करता थेट बायोप्सी झाली. बारा तुकड्यांपैकी दोन तुकड्यांत कॅन्सर, ग्लीसन ३+३=६. बायोप्सीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला, चार दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, लक्ष ठेवू. आणि लघवीसाठी टॅम्सुलोसिन व ड्युटास्टेराइड यांची एकत्र गोळी सुरू केली. याला आठ महिने झाले. परवा पीएसए ३.१ आला. यजमान म्हणतात, निम्म्यावर आलाय, आता एमआरआय नको आणि ती बायोप्सी तर मुळीच नको. धाकटे दीर म्हणतात, दहापैकी सहा म्हणजे निम्म्याच्या वर कॅन्सर, डॉक्टर वेळ घालवताहेत, रोबोटने काढून टाका. मुलगा रोज नव्या संशोधनाच्या बातम्या पाठवतो, पीएसएमए स्कॅन काय, ल्युटेशियम काय. यजमान कुणाशी बोलत नाहीत, रात्र रात्र जागे असतात. पुढच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही ठरलंय. मी कुणाचं ऐकू?

— एक वाचक भगिनी

उत्तर

ताई,

आधी त्या ३.१ विषयी बोलू, कारण तुमच्या घरातला सगळ्यांत धोक्याचा गैरसमज तिथे आहे.

ड्युटास्टेराइड हे औषध प्रोस्टेटची वाढ करणारं संप्रेरक तयार होऊ देत नाही. त्यामुळे ग्रंथी हळूहळू आकसते आणि रक्तातला पीएसए साधारण सहा महिन्यांत निम्म्यावर येतो. ज्याला कॅन्सर नाही त्याचाही येतो, ज्याला आहे त्याचाही येतो. म्हणून ही गोळी घेणाऱ्या माणसाचा आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. ३.१ ची दुप्पट ६.२. आठ महिन्यांपूर्वी ६.१ होता, आज ६.२ आहे, म्हणजे गाडी होती तिथेच उभी आहे. ही बातमी चांगलीच आहे. पण कॅन्सर निम्मा झाला, असा तिचा अर्थ नाही. तपासण्या थांबवण्याचं कारण तर ती नाहीच.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. समजा पुढच्या वर्षी हाच आकडा ३.९ आला. लॅबच्या कागदावर ४ पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेलं असतं, त्यामुळे घरात सगळे निश्चिंत होतील. प्रत्यक्षात तो ७.८ असेल आणि चढू लागलेला असेल. या गोळीवर असताना पीएसए एकदा तळाला गेला की त्यानंतरची प्रत्येक चढण गांभीर्याने घ्यायची. याच जातीच्या फिनास्टेराइड या औषधालाही हाच नियम लागू आहे. तेव्हा एक वही करा. तारीख, आकडा आणि शेजारी ‘ड्युटास्टेराइड चालू’ असं लिहा. रक्त दर वेळी एकाच लॅबमध्ये द्या. लघवीत जंतुसंसर्ग असताना देऊ नका. आणि कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे गेलात तर आधी वही पुढे करा.

आता दिरांच्या ‘दहापैकी सहा’कडे येते गोष्ट. ही चूक इतके सुशिक्षित लोक करतात की दोष त्यांचा नाही, मोजपट्टीचाच आहे. डोनाल्ड ग्लीसन नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांनी १९६६ च्या सुमारास ही पद्धत मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी किती विस्कटलेली दिसते त्यावरून १ ते ५ अंक द्यायचे, आणि सर्वाधिक दिसणाऱ्या दोन प्रकारांची बेरीज करायची. कागदावर ही बेरीज २ ते १० होते. पण पुढे १ आणि २ हे अंक बायोप्सीत देणंच जवळपास बंद झालं. त्यामुळे आज शिडीची सगळ्यांत खालची पायरी ६ आहे. लोकांना ती मधली वाटते आणि घाबरून ऑपरेशनं होतात, हे पाहून २०१४ मध्ये शिकागोत जमलेल्या वेगवेगळ्या देशांतल्या पॅथॉलॉजिस्टांनी नवी पट्टी स्वीकारली: ग्रेड ग्रुप १ ते ५. तुमच्या यजमानांचा ३+३=६ म्हणजे ग्रुप १. दिरांना एवढंच सांगा, की पाचपैकी एक आहे. त्यांची निम्मी काळजी तिथेच उतरेल.

२०२२ पासून काही नामवंत तज्ज्ञ तर जाहीरपणे म्हणू लागले आहेत, की ग्लीसन ६ ला कॅन्सर म्हणणंच बंद करा. त्यांचं म्हणणं असं, की निव्वळ ६ असलेली गाठ शरीरात इतरत्र पसरल्याचं जवळजवळ दिसत नाही. मग त्या शब्दाने माणसाची झोप कशाला उडवायची? मला त्यांची कळकळ पटते, नाव बदलणं मात्र पटत नाही. सुईने आलेला तुकडा ६ दाखवतो, पण शेजारीच ७ किंवा ८ लपलेला असू शकतो. शब्द काढून टाकला तर लोक तपासणीला यायचं बंद करतील. तुमचे यजमान शब्द असूनही त्याच वाटेवर आहेत.

आता मुख्य प्रश्न. कॅन्सर आहे आणि थांबायचं, यामागे आधार काय?

सगळ्यांत भक्कम आधार ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासाचा आहे. १९९९ ते २००९ या काळात तिथे ५० ते ६९ वयाच्या पुरुषांची पीएसए तपासणी केली गेली. ज्यांच्यात प्रोस्टेटपुरता मर्यादित कॅन्सर सापडला त्यांतल्या १,६४३ जणांनी, कोणता उपचार मिळणार हे सोडतीवर सोडायला संमती दिली. एका गटाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला रेडिएशन दिलं, तिसऱ्यावर फक्त लक्ष ठेवलं. स्वतःच्या कॅन्सरचा उपचार सोडतीवर सोडणाऱ्या त्या माणसांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरने गेलेल्यांचं प्रमाण लक्ष ठेवलेल्या गटात ३.१ टक्के, ऑपरेशनच्या गटात २.२ टक्के आणि रेडिएशनच्या गटात २.९ टक्के. हा फरक इतका लहान आहे की संख्याशास्त्र त्याला फरक मानत नाही. त्या काळात एकूण ३५६ जण दगावले, त्यांतले या कॅन्सरने फक्त ४५. बाकीचे सगळे इतर कारणांनी. म्हणून यजमानांचा रक्तदाब आणि साखर शेवटची कधी तपासली, हेही मला तुम्हाला विचारावंसं वाटतं.

पण याच अभ्यासातला दुसरा आकडा मी झाकून ठेवणार नाही. कॅन्सर इतरत्र पसरण्याचं प्रमाण लक्ष ठेवलेल्या गटात ९.४ टक्के होतं, ऑपरेशनच्या गटात ४.७ टक्के. म्हणजे दुप्पट. दीर जी भीती बोलून दाखवतात ती हवेतली नाही. मात्र हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. त्या अभ्यासात सगळेच ग्लीसन ६ चे नव्हते, ७ आणि त्याहून वरचेही होते. आणि तेव्हाचं लक्ष ठेवणं म्हणजे मुख्यतः पीएसए मोजत राहणं. एमआरआय नव्हता, ठरावीक काळाने पुन्हा बायोप्सी नव्हती. आज ज्याला ‘ॲक्टिव्ह सर्व्हेलन्स’ म्हणतात, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाने नजर ठेवणं, ते याहून कितीतरी कडक आहे. अशा कडक पद्धतीने उत्तर अमेरिकेत सुमारे २,१५० पुरुषांचा मागोवा घेतला गेला आणि २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनी जवळपास निम्मे लोक ना उपचार, ना आजाराची वाढ, असे होते. पसरल्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत आणि या कॅन्सरने मृत्यू १ टक्क्याच्या आत. ज्यांना मधल्या काळात उपचार घ्यावे लागले त्यांचंही थांबल्यामुळे काही बिघडलं, असं दिसलं नाही.

थांबण्याने वाचतं काय, तेही दिरांना सांगायला हवं. प्रोटेक्टमध्ये सात ते बारा वर्षांनंतर, लघवी गळते म्हणून पॅड वापरणाऱ्यांचं प्रमाण ऑपरेशन झालेल्यांत १८ ते २४ टक्के होतं, लक्ष ठेवलेल्या गटात ९ ते ११ टक्के. सात वर्षांनी संभोगापुरती ताठरता टिकलेले पुरुष ऑपरेशनच्या गटात १८ टक्के होते, लक्ष ठेवलेल्या गटात ३० टक्के. या गोष्टी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. भावाला ‘काढून टाक’ असं सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या नसतात, आणि ज्याला भोगाव्या लागतात तो नंतर तक्रारही करत नाही.

मी हे काम शिकत होतो तेव्हा आम्हाला सरळ शिकवलं होतं: कॅन्सर दिसला की काढा. मीही काढले. त्यांतल्या काहींचे रिपोर्ट आज डोळ्यांपुढे आणले तर तुमच्या यजमानांसारखेच होते, दोन तुकडे, ३+३. कॅन्सरने त्यांना काहीच केलं नसतं. माझ्या ऑपरेशनने मात्र त्यांतल्या एक-दोघांना लांबच्या प्रवासाला जाणं सोडायला लावलं. तेव्हा तेच शास्त्र होतं, हे खरं. तरी ते चेहरे मनातून जात नाहीत. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ‘घाई नको’ म्हटलं, ते मला वेळकाढूपणा वाटत नाही. ऑपरेशन करणाऱ्या माणसाने ऑपरेशन नको म्हणायला धैर्य लागतं.

रोबोटबद्दल थोडक्यात सांगतो. रोबोट म्हणजे सर्जनच्या हातातलं जास्त नेटकं हत्यार. रक्त कमी जातं, माणूस लवकर घरी येतो. पण ब्रिस्बेनमध्ये उघडं ऑपरेशन आणि रोबोटचं ऑपरेशन समोरासमोर तपासलं गेलं, तेव्हा दोन वर्षांनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन्ही गट सारखेच निघाले. ऑपरेशन करायची वेळ आलीच तर रोबोटचा विचार जरूर करा. ऑपरेशनची गरज आहे की नाही, हे मात्र रोबोट ठरवत नाही.

इथवर मी तुमच्या डॉक्टरांची बाजू घेतली. आता एका ठिकाणी अडतो. यजमानांची पहिली बायोप्सी एमआरआयशिवाय झाली आहे. सोनोग्राफीने प्रोस्टेटची ग्रंथी दिसते, तिच्यातला कॅन्सर बहुतेक वेळा दिसत नाही. त्यामुळे अशा बायोप्सीत ग्रंथीच्या ठरावीक भागांतून अंदाजाने बारा सुया घातल्या जातात. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर झालेला ‘प्रॉमिस’ हा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात या पद्धतीची खरी परीक्षा झाली. प्रत्येकाचा आधी एमआरआय केला, मग नेहमीची बायोप्सी, आणि खात्रीसाठी त्याच वेळी दर पाच मिलिमीटरवर सुया घालून पूर्ण ग्रंथीची बायोप्सी. ज्या कॅन्सरवर उपचार लागतात अशांपैकी नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्केच पकडले. एमआरआयने ९३ टक्क्यांवर बोट ठेवलं. निम्म्याहून अधिक धोक्याचे कॅन्सर सुयांच्या मधून निसटत होते. पुढच्याच वर्षी ‘प्रिसिजन’ या ५०० पुरुषांवरच्या अभ्यासाने दुसरी गोष्ट दाखवली. आधी एमआरआय करून, संशयित जागीच सुई घातली तर धोक्याचे कॅन्सर ३८ टक्के लोकांत सापडतात, अंदाजाने घातली तर २६ टक्के. आणि ज्यांना हातही लावायची गरज नसते असे कॅन्सर सापडण्याचं प्रमाण २२ वरून ९ टक्क्यांवर येतं.

माझ्या मते गेल्या काही वर्षांत मूत्ररोगशास्त्रात जे काही घडलं, त्यातली सामान्य माणसाच्या सगळ्यांत कामाची गोष्ट हीच आहे: सुई घालण्याआधी पाहायला शिकणं.

म्हणून यजमानांचा एमआरआय व्हायलाच हवा. ‘लक्ष ठेवू’ हा सल्ला पहिल्या बायोप्सीवर उभा आहे, आणि ती बायोप्सी न पाहता केलेली आहे. पाया एकदा तपासून घ्यायचा. आशेला जागाही भरपूर आहे. सुरुवातीच्या पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागा: ६.१ भागिले ५५, म्हणजे सुमारे ०.११. याला पीएसए डेन्सिटी म्हणतात. ०.१५ च्या खाली असली तर लपलेला मोठा कॅन्सर असण्याची शक्यता कमी धरतात. म्हणजे पीएसए वाढण्यामागे बराच हात नुसत्या मोठ्या झालेल्या ग्रंथीचा असू शकतो. रात्री उठावं लागणंही बहुधा त्या वाढीमुळेच. एवढा लहानसा कॅन्सर लघवी अडवत नाही.

एमआरआयला इंजेक्शन लागतं म्हणून यजमान बिचकत असतील तर डॉक्टरांशी बोला. २०२५ मध्ये आलेल्या ‘प्राइम’ या बारा देशांतल्या अभ्यासात, शिरेतून औषध न देता केलेल्या छोट्या एमआरआयने धोक्याचे कॅन्सर तितकेच पकडले, दोन्हीकडे २९ टक्क्यांच्या आसपास. तो अभ्यास पहिल्यांदा निदान होणाऱ्यांचा होता, त्यामुळे तुमच्या बाबतीत काय करायचं ते रेडिओलॉजिस्टनी ठरवायचं. रिपोर्टमध्ये १ ते ५ असा ‘पाय-रॅड्स’ अंक असेल. १-२ म्हणजे संशय कमी, ४-५ म्हणजे तिथून तुकडा घ्यायलाच हवा. एमआरआय स्वच्छ आला तरी खात्रीची बायोप्सी पूर्ण टळेलच असं नाही, कारण एमआरआयही काही वेळा चुकतो. ते आधीच यजमानांना सांगून ठेवा, नंतर फसवल्यासारखं वाटायला नको.

आणि आता त्यांची खरी भीती. मला वाटतं ‘पीएसए निम्म्यावर आला’ हे ते तोंडाने म्हणतात. मनात असतो तो थंडीतापाचा अनुभव. ती भीती खोटी ठरवू नका. गुदद्वारातून सुई घातली की आतड्यातले जंतू सुईबरोबर प्रोस्टेटमध्ये आणि तिथून रक्तात जाऊ शकतात, त्यांना झालं ते तेच असणार. यावर आज चांगला मार्ग आहे. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून, तेवढाच भाग बधिर करून सुई घालतात. सुई आतड्याला शिवतच नाही, म्हणून रक्तात जंतू जाण्याचा धोका अगदी कमी होतो. २०२५ मध्ये ब्रिटनच्या ‘ट्रान्सलेट’ अभ्यासात १,१२६ पुरुषांमध्ये या दोन वाटांची तुलना झाली. नव्या वाटेने धोक्याचा कॅन्सर ६० टक्के लोकांत सापडला, जुन्या वाटेने ५४ टक्क्यांत. सुई घालताना मात्र नव्या वाटेने थोडं जास्त दुखतं. तेही त्यांना आधी सांगा. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘मागच्या वेळी ताप आला होता, या वेळी त्वचेतून करता येईल का?’ ज्याला एकदा असा ताप येऊन गेलाय त्याच्यासाठी हा प्रश्न विचारणं हक्काचं आहे. आणि कोणत्याही बायोप्सीनंतर कापरं भरून ताप आला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही, त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं.

आणखी एक काम करून घ्या. पहिल्या बायोप्सीच्या काचा (स्लाइड्स) दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टना दाखवा. ३+३ आणि ३+४ यांच्यातली रेघ बारीक असते, आणि आपला सगळा निर्णय त्या रेघेवर उभा आहे. शिवाय यजमानांचे वडील, भाऊ यांना प्रोस्टेटचा किंवा घरातल्या बायकांना स्तनाचा, बीजकोशाचा कॅन्सर झाला होता का, ते डॉक्टरांना सांगा. बीआरसीए-२ या जनुकातला दोष घराण्यात असेल तर थांबण्याचा हिशेब बदलतो, आणि मग तुमच्या दिरांनी आणि मुलानेही स्वतःची तपासणी कधी सुरू करायची, हे विचारायला हवं.

मुलाने पाठवलेल्या बातम्या खऱ्या आहेत. फक्त त्या दुसऱ्या माणसांसाठी आहेत. पीएसएमए स्कॅन, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी अंगभर शोधणारा स्कॅन, हे मोठं पाऊल आहे: ऑस्ट्रेलियात ३०२ पुरुषांवर, म्हणजे ज्यांचा कॅन्सर पसरलेला असण्याची शक्यता जास्त होती अशांवर, तो तपासला गेला आणि पसरलेला कॅन्सर आहे की नाही हे त्याने ९२ टक्के वेळा बरोबर सांगितलं, जुन्या स्कॅननी ६५ टक्के. ग्रुप १ च्या माणसात पसरण्याची शक्यताच इतकी कमी, की त्या स्कॅनमध्ये एखादा निरुपद्रवी ठिपका दिसून नवी धास्ती मागे लागायची. ल्युटेशियम तर त्याच्याही पुढच्या टप्प्याचं. किरणोत्सारी कण थेट कॅन्सरच्या पेशींपर्यंत पोचवणारं हे औषध. सगळे उपाय थकलेल्या ८३१ रुग्णांवरच्या अभ्यासात, निम्मे रुग्ण जिथवर जगतात तो काळ त्याने ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर नेला. ज्या घरात तो टप्पा आलेला असतो तिथे चार महिन्यांचं मोल काय असतं, ते मी पाहिलं आहे. तुमच्या घरात तो टप्पा नाही. मुलाला सांगा, तुझा शोध चालू ठेव, पण या वेळी एक काम कर: त्वचेतून बायोप्सी आणि प्रोस्टेटचा चांगला एमआरआय कुठे होतो ते शोध.

कुणी ‘प्रोस्टेटसाठी’ म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या आणून दिल्या असतील तर बाजूला ठेवा. ३५,००० हून अधिक पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला. नुकसान होणार नाही, या समजुतीनेच लोक ते घेत होते.

व्यायामाचं मात्र मनापासून सांगेन. कॅनडात, यजमानांसारख्याच ‘लक्ष ठेवलेल्या’ ५२ पुरुषांचे दोन गट केले. एकाने बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा दम लागेल असा चालण्या-पळण्याचा व्यायाम केला. त्यांची दमछाक कमी झाली, आणि पीएसए वाढण्याचा वेगही दुसऱ्या गटापेक्षा मंदावला. अभ्यास लहान आहे, त्यावर कॅन्सर बरा होण्याचा दावा कुणी करू नये. पण जो माणूस ‘माझ्या हातात काही नाही’ म्हणून रात्रभर छताकडे पाहत असतो, त्याच्या हातात काहीतरी देणं, यालाही मी उपचारच मानतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, आणि जमलं तर तुम्हीही बरोबर निघा. चालताना शेजारी शेजारी असलं, एकमेकांच्या तोंडाकडे पाहावं लागत नसलं, की पुरुष बोलतात. त्यांना ‘घाबरू नका’ म्हणू नका. ‘मागच्या वेळी तुम्हाला फार त्रास झाला, या वेळी तसं होऊ नये म्हणून मी डॉक्टरांशी बोलणार आहे’ असं म्हणा आणि थांबा. त्या रात्री लगेच उत्तर आलं नाही तरी चालेल. आणि महिना-दीड महिना असाच जागरणात गेला तर मनोविकारतज्ज्ञांकडे नेण्यात संकोच करू नका. काहींना थांबणं झेपतच नाही, त्या माणसाने सगळं नीट समजून घेऊन उपचार निवडला तर तोही योग्यच निर्णय असतो. फक्त तो त्यांचा असावा, दिरांचा नसावा.

पुढचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारणपणे दर सहा महिन्यांनी पीएसए, वर्षातून एकदा गुदद्वारातून बोटाने तपासणी, आता एमआरआय आणि वर्षाच्या आसपास खात्रीची बायोप्सी, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पुन्हा. आणि याच कागदावर हेही लिहून घ्या, की काय दिसलं तर थांबणं संपेल: बायोप्सीत ३+४ किंवा त्याहून वर गेलं, एमआरआयमध्ये गाठ वाढली, दुप्पट केलेला पीएसए चढत राहिला. हा कागद दिरांना वाचायला द्या. डॉक्टर काय पाहत आहेत हे कळलं, की ते नुसते बसून आहेत असं वाटणार नाही.

ता. क. — मोतीबिंदूचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, की यजमान आठ महिने टॅम्सुलोसिन घेत आहेत. हे औषध डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा पडदाही सैल करतं आणि ऑपरेशनच्या वेळी तो पडदा फडफडतो. २००५ मध्ये ही गोष्ट प्रथम लक्षात आली. आधी माहीत असेल तर डोळ्यांचे सर्जन वेगळी तयारी ठेवतात आणि ऑपरेशन नीट होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. थोडे दिवस बंद ठेवल्याने डोळ्यावरचा परिणाम खात्रीने जात नाही, आणि लघवी मात्र अडू शकते.